फॉल्सम स्ट्रीट फेअरचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फॉल्सम स्ट्रीट फेअर म्हणजे नेमकं काय?

सॅन फ्रान्सिस्कोत दरवर्षी सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी फॉल्सम स्ट्रीटचा आठव्या ते तेराव्या रस्त्यादरम्यानचा पट्टा वाहनांसाठी बंद होतो. सकाळी अकरापासून संध्याकाळी सहापर्यंत तिथे लेदर, किंक (म्हणजे चाकोरीबाहेरच्या लैंगिक आवडी) आणि बीडीएसएम मंडळींची जत्रा भरते. चामड्याचे हार्नेस (छातीवर बांधायचे पट्टे), बूट आणि चाबूक विकणारे स्टॉल असतात, गाण्याचे स्टेज असतात, बिअर असते, एचआयव्ही तपासणीची माहिती देणाऱ्या संस्थांची टेबलं असतात. कुणी गुडघ्यापर्यंतच्या बुटांत, कुणी रबरी पोशाखात, कुणी जवळजवळ काहीच न घालता फिरतं. बघ्यांमध्ये जीन्स-टीशर्टवाले भरपूर. तिकीट नसल्यामुळे डोकी मोजायची सोय नाही. अंदाज अडीच लाखांपासून पुढे सांगितले जातात. जत्रा १९८४ पासून भरते आहे.

'लेदर समुदाय' म्हणजे कोण?

दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेले, किंवा समलिंगी म्हणून सैन्यातून काढून टाकलेले बरेच पुरुष गावी न जाता बंदरांच्या शहरांतच राहिले. त्यांतल्या काहींना मोटारसायकली, जड बूट, काळं जॅकेट आणि सैन्यातली ती रांगडी मैत्री सोडवत नव्हती. १९५४ मध्ये लॉस एंजेलिसला 'सॅटर्स' नावाचा समलिंगी पुरुषांचा मोटारसायकल क्लब निघाला, मग इतर शहरांत तसेच क्लब निघत गेले. समलिंगी पुरुष म्हणजे नाजूक, बायकी, ही त्या काळची समजूत या मंडळींनी धुडकावली. त्यांच्यात बीडीएसएमची, म्हणजे परस्पर संमतीने बांधणं, हुकूम देणं-घेणं, वेदनेचा खेळ यांची आवड असणारेही होते. पोशाख आणि आवड यांची सांगड अशी बसली. आज लेदरवाल्यांत स्त्रिया आहेत, ट्रान्स व्यक्ती आहेत, भिन्नलिंगी जोडपीही आहेत.

हे सगळं साउथ ऑफ मार्केटमध्येच का घडलं?

कारण जागा स्वस्त होती आणि रात्री रस्ते ओस पडायचे.

मार्केट स्ट्रीटच्या दक्षिणेचा हा भाग म्हणजे गोदामं, छापखाने, वर्कशॉप आणि एकेका खोलीची हॉटेलं. या हॉटेलांत पर्यटक उतरत नसत. गोदी कामगार, खलाशी, हंगामी मजूर तिथे महिन्याच्या भाड्यावर राहायचे आणि म्हातारे झाले तरी त्याच खोलीत राहायचे. फिलिपिनो कुटुंबंही इथलीच. आजही या भागातल्या गल्ल्यांना रिझाल, मबिनी, बोनिफासिओ अशी फिलिपिनो वीरांची नावं आहेत. पुढे मालवाहतूक कंटेनरवर गेली, बंदराचं काम खाडीपलीकडे ओकलंडला सरकलं आणि गोदामं रिकामी पडू लागली.

त्याआधी समलिंगी पुरुषांचे बरेच बार बंदराच्या काठाने, एम्बार्कडेरोवर होते. पन्नास-साठच्या दशकांत तिथे पुनर्विकास आला आणि वरून पोलिसांच्या धाडी. १९६१ च्या सप्टेंबरमध्ये शहरातल्या 'टे-बुश इन' या बारमधून एका रात्रीत १०३ जणांना पकडून नेलं होतं. उठवलेली मंडळी दक्षिणेला सरकली. इथे संध्याकाळी सहानंतर चिटपाखरू नसायचं, मोटारसायकली लावायला हवी तेवढी जागा, आणि आवाज झाला म्हणून तक्रार करायला शेजारी नाहीत. 'टूल बॉक्स' साठच्या दशकाच्या सुरुवातीला उघडला. १९६६ मध्ये फॉल्सम स्ट्रीटवर 'फीबीज' आणि 'द स्टड' उघडले, पाठोपाठ 'रॅमरॉड'. सत्तरच्या दशकात या रस्त्याला मंडळी 'मिरॅकल माइल' म्हणू लागली.

मानववंशशास्त्रज्ञ गेल रुबिन यांनी या वस्तीचा अनेक वर्षं अभ्यास केला आहे. त्यांचं काम नसतं तर यातलं निम्मं आज कुणाला ठाऊक नसतं, कारण त्या काळच्या वर्तमानपत्रांना या लोकांच्या अटकेपलीकडे काही छापण्यात रस नव्हता.

'टूल बॉक्स'च्या भिंतीचा किस्सा काय आहे?

या बारच्या आतल्या एका भिंतीवर चक आर्नेट या चित्रकाराने मोठं भित्तिचित्र काढलं होतं. काळ्या-पांढऱ्या रंगात, पुरुषभर उंचीचे धिप्पाड पुरुष. जून १९६४ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने अमेरिकेतल्या समलैंगिकतेवर मोठा लेख छापला आणि त्याच्या सुरुवातीलाच या बारचा दोन पानी फोटो दिला. लेखाचा सूर सहानुभूतीचा नव्हता. पण हे साप्ताहिक घरोघरी जायचं, दवाखान्यांत आणि केशकर्तनालयांत पडलेलं असायचं. आयोवा-कॅन्ससच्या खेड्यात आपण एकटेच असे आहोत, असं समजणाऱ्या तरुणांनी तो फोटो पाहिला. बदनामी करायला निघालेल्या साप्ताहिकाने फुकटात पत्ता छापून दिला! पुढे कित्येकांनी सांगितलं की आपण सॅन फ्रान्सिस्कोची वाट धरली ती तो फोटो पाहून.

१९७१ मध्ये बार बंद पडला आणि पुनर्विकासासाठी इमारत पाडली गेली. पाडणाऱ्यांनी ती एक भिंत मात्र काही काळ तशीच ठेवली. भोवताली राडारोडा, वर छप्पर नाही, आणि फ्रीवेवरून शहरात उतरणाऱ्या गाड्यांना समोर उघड्यावर ते काळे-पांढरे पुरुष दिसायचे. आर्नेट १९८८ मध्ये एड्सने गेला.

जत्रा सुरू कुणी केली आणि कशासाठी?

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. जत्रेच्या मुळाशी भाडेकरूंची लढाई आहे.

साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या पुनर्विकास संस्थेने साउथ ऑफ मार्केटचा मोठा तुकडा 'येर्बा बुएना' प्रकल्पासाठी निवडला. अधिवेशन केंद्र, हॉटेलं, कार्यालयं असा बेत. संस्थेचे प्रमुख जस्टिन हर्मन यांच्या लेखी ती एकेका खोलीची हॉटेलं म्हणजे झोपडपट्टी. सुमारे ४,००० माणसं तिथे राहत होती, बहुतेक म्हातारी, एकटी आणि पेन्शनवर. पण ही म्हातारी माणसं जुन्या कामगार संघटनांमध्ये मुरलेली होती, हे हर्मन यांच्या हिशेबात नव्हतं. १९६९ मध्ये त्यांनी 'टूर' नावाची भाडेकरू-मालक संघटना काढली. ऐंशीच्या घरातले जॉर्ज वूल्फ, अलास्काच्या मासे डबाबंद करणाऱ्या कामगारांचे जुने पुढारी, तिचे अध्यक्ष झाले. प्रकरण कोर्टात गेलं आणि १९७० मध्ये फेडरल न्यायाधीश स्टॅन्ली वायगल यांनी पर्यायी घरं दिल्याशिवाय पाडकाम करायचं नाही, असा मनाई हुकूम काढला. १९७३ मध्ये तडजोड झाली. हॉटेल करातून पैसा घेऊन भाडेकरूंच्याच संस्थेने, 'टॉडको'ने, परवडणारी घरं बांधायची असं ठरलं. पहिली इमारत १९७९ मध्ये उभी राहिली. तिला वूल्फ यांचं नाव आहे. बाकीच्या जागेवर १९८१ मध्ये मॉस्कोनी सेंटर हे अधिवेशन केंद्र उघडलं.

त्याच वर्षांत आपल्याकडे गिरणगावात काय चाललं होतं ते आठवल्याशिवाय राहवत नाही. १९८२ चा संप, बंद पडलेल्या गिरण्या, आणि जमिनीचा भाव कळल्यावर तिथल्या माणसांबद्दल बदललेली भाषा. 'इथे आता कुणी राहतच नाही' हे वाक्य बिल्डरांच्या नकाशावर सगळीकडे सारखंच असतं.

ऐंशीच्या दशकात प्रकल्पाची नजर पश्चिमेकडे, म्हणजे फॉल्समवरच्या बारांच्या पट्ट्याकडे वळली. तेव्हा या भागात काम करणाऱ्या दोन कार्यकर्त्यांनी, कॅथलीन कॉनेल आणि मायकल व्हॅलेरिओ यांनी, रस्त्यावरच्या जत्रेची कल्पना काढली. दोघंही समलिंगी आणि दोघंही परवडणाऱ्या घरांच्या चळवळीतले. समलिंगींचे पुढारी हार्वे मिल्क यांनी १९७४ मध्ये कॅस्ट्रो या शहरातल्या समलिंगी वस्तीत सुरू केलेली कॅस्ट्रो स्ट्रीटची जत्रा समोर होतीच. अशा एका दिवसात त्या वस्तीचं अस्तित्व शहराच्या डोळ्यांत भरतं, चार पैसे जमतात, आणि नगरसेवकांनाही दखल घ्यावी लागते. जुलै १९८४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाचं राष्ट्रीय अधिवेशन मॉस्कोनी सेंटरात गाजून गेलं होतं. त्यानंतर दोनच महिन्यांनी, २३ सप्टेंबर १९८४ ला, काही मिनिटांच्या अंतरावर पहिली जत्रा भरली. नाव होतं 'मेगाहूड'.

म्हणजे ती लेदरवाल्यांची जत्रा नव्हतीच?

होती आणि नव्हती. संपूर्ण वस्तीची म्हणून ती भरवली: म्हातारे भाडेकरू, कलाकार, दुकानदार, फिलिपिनो कुटुंबं, बारवाले. पण फॉल्सम स्ट्रीटवर जत्रा भरवायची आणि लेदरवाले नकोत, असं कसं होणार? ते पहिल्याच वर्षी आले, आणि पुढे त्यांचाच रंग चढत गेला. याला मूळ हेतूचा ऱ्हास वगैरे म्हणणारे भेटतात. मला ते पटत नाही. एड्सच्या काळात ज्यांना रस्त्यावर दिसण्याची सर्वांत जास्त गरज होती, ते सर्वांत जास्त दिसले, एवढंच.

एड्सचा आणि जत्रेचा संबंध काय?

फार जवळचा. पहिल्या जत्रेनंतर १६ दिवसांनी, ९ ऑक्टोबर १९८४ ला, शहराचे आरोग्य संचालक मर्व्हिन सिल्व्हरमन यांनी समलिंगी पुरुषांची बाथहाउसं (शरीरसंबंधांसाठी भेटण्याची स्नानगृहं) आणि सेक्स क्लब मिळून १४ ठिकाणं बंद करण्याचा आदेश दिला. त्यांतली काही याच भागात होती. साथ रोखायला हे गरजेचं होतं की पोलिसी कारभाराला मिळालेलं निमित्त होतं, यावर समुदायातच तेव्हा भांडणं झाली आणि ती अजून पुरती मिटलेली नाहीत.

लेदरवाल्यांवर दुहेरी मार बसला. माणसं मरत होती, आणि वर 'यांच्या असल्या धंद्यांमुळेच रोग पसरला' ही कुजबुज, तीही पुष्कळदा इतर समलिंगी पुरुषांकडून. सॅन फ्रान्सिस्कोत साथीच्या सगळ्या वर्षांत मिळून सुमारे २०,००० माणसं गेली. बारचे मालक गेले, गिऱ्हाईक गेलं, बार बंद पडले. 'एड्सने फॉल्सम संपवला' असं सर्रास लिहिलं जातं. रुबिन यांचं म्हणणं वेगळं आहे: जागांच्या किमती आणि पुनर्विकास यांनी हा पट्टा आधीच पोखरायला घेतला होता, साथीमुळे ते काम सोपं झालं. १९८१ च्या जुलैत फॉल्समलगतच्या हॅलम स्ट्रीटवर लागलेल्या आगीत घरांची रांगच्या रांग खाक झाली होती, तीही विसरू नये.

याच काळात पैसे उभे करण्याची सवय लागली. १९८१ मध्ये उघडलेल्या 'ईगल' बारच्या अंगणात रविवारी दुपारी बिअर विकून आजारी माणसांच्या भाड्याचे, औषधाचे पैसे जमवले जायचे. अंगावर हार्नेस आणि हातात देणगीचा डबा, हे दृश्य तेव्हाचं.

देणगी गोळा करणाऱ्या त्या रंगवलेल्या चेहऱ्यांच्या नन कोण?

'सिस्टर्स ऑफ पर्पेच्युअल इंडल्जन्स'. १९७९ च्या ईस्टरला काही पुरुष नन्सचा वेश करून सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उतरले, तिथपासून ही मंडळी आहेत. पांढरा रंगवलेला चेहरा, चमकी, दाढी असेल तर तीही. १९८२ मध्ये त्यांनी सुरक्षित संभोगावर विनोदी पत्रक काढलं. भाषणबाजी न करता लिहिलेलं अशा प्रकारचं ते पहिलंच. जत्रेच्या प्रवेशद्वारांवर उभं राहून देणगी मागण्याचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं आहे.

जमलेला पैसा जातो कुठे?

स्थानिक सेवाभावी संस्थांना. प्रवेश मोफत, पण दारावर काही डॉलर मागतात. दिले की छोटं स्टिकर मिळतं आणि बिअर थोडी स्वस्त. वर्षाला काही लाख डॉलर अशा प्रकारे एचआयव्ही, आरोग्य आणि वस्तीतल्या कामांना जातात. आयोजन करणारी संस्था ना-नफा तत्त्वावर चालते. १९९० मध्ये फॉल्समची जत्रा आणि तिची धाकटी बहीण एकत्र आल्या, त्यातून ती उभी राहिली. पुढे तिचं नाव 'फॉल्सम स्ट्रीट इव्हेंट्स' झालं.

धाकटी बहीण कोणती?

'अप युअर अ‍ॅली', बोलीत 'डोर अ‍ॅली'. १९८५ मध्ये रिंगोल्ड गल्लीत सुरू झाली, १९८७ मध्ये डोर गल्लीत आली. जुलैच्या शेवटच्या रविवारी असते. आकाराने लहान, गिऱ्हाईक मुरलेलं, हौशे-नवशे कमी. फॉल्समला पर्यटक फार झाले अशी कुरकुर करणारे तिथे जातात.

स्त्रियांचा यात सहभाग होता का?

जत्रेची एक संस्थापकच स्त्री आहे, तिथून सुरुवात करा. त्याआधी १९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'सॅम्वा' हा लेस्बियन स्त्रियांचा बीडीएसएम गट निघाला होता. रुबिन त्याच्या संस्थापकांपैकी. त्या काळच्या स्त्रीवादी चळवळीतल्या अनेकींना हा गट म्हणजे पुरुषी हिंसेची नक्कल वाटायचा. सभा, पत्रकं, बहिष्कार सगळं झालं. पुढे १९८७ मध्ये याच शहरात 'इंटरनॅशनल मिस लेदर' ही स्पर्धाही सुरू झाली.

भर रस्त्यात नग्न फिरणं तिथे कायदेशीर आहे?

शहरात एरवी नाही. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये स्कॉट वीनर या नगरसेवकाने आणलेला सार्वजनिक नग्नतेवरचा बंदी ठराव ६ विरुद्ध ५ मतांनी मंजूर झाला. परवाना असलेल्या जत्रा आणि मिरवणुका त्यातून वगळल्या आहेत, त्यामुळे फॉल्समला अडचण आली नाही. वीनर स्वतः समलिंगी, आणि तेव्हा कॅस्ट्रोचे प्रतिनिधी. चौकात रोज नग्न बसणाऱ्या मंडळींवर ही बंदी होती आणि तक्रार त्यांच्या शेजाऱ्यांची होती. जत्रा आज १८ वर्षांवरच्यांसाठीच आहे.

२००७ च्या पोस्टरवरून काय वाद झाला होता?

त्या वर्षीच्या पोस्टरवर येशूच्या शेवटच्या भोजनाच्या प्रसिद्ध चित्राची नक्कल होती: लांब टेबलामागे लेदरमधले स्त्री-पुरुष, टेबलावर सेक्स टॉइज. खाली प्रायोजक म्हणून मिलर बिअरचं बोधचिन्ह. कॅथलिक लीग या धार्मिक संघटनेने बहिष्काराची हाक दिली आणि मिलरने आपलं चिन्ह पोस्टरवरून काढायला लावलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या खासदार नॅन्सी पेलोसी तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या सभापती. त्यांच्या कार्यालयाने या जाहिरातीने ख्रिस्ती धर्माला काही इजा झालेली नाही, अशा अर्थाचं उत्तर देऊन विषय संपवला. जत्रा ठरल्या दिवशी झाली.

फोटो काढले तर चालतात?

रस्ता सार्वजनिक आहे, त्यामुळे कायदा आड येत नाही. पण आयोजक वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की आधी विचारा. पोशाख कितीही भडक असला तरी तो हात लावण्याचा किंवा कॅमेरा रोखण्याचा परवाना होत नाही. बीडीएसएमवाल्यांमध्ये संमतीची चर्चा बाकी जगाच्या कितीतरी आधी आणि कितीतरी बारकाईने झाली आहे. कुठे थांबायचं हे सुरू करण्याआधीच ठरवून ठेवायचं, थांबण्याचा शब्दही ठरवायचा. आपल्याकडच्या लग्नघरांतही ही चर्चा झाली असती तर बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटतं.

काळ्या-निळ्या पट्ट्यांचा, लाल बदामाचा झेंडा कुणाचा?

लेदर प्राइडचा. टोनी डिब्लेझ यांनी तो मे १९८९ मध्ये शिकागोच्या 'इंटरनॅशनल मिस्टर लेदर' मेळाव्यात मांडला. रंगांचा अर्थ लावणं त्यांनी बघणाऱ्यावर सोडलं होतं, म्हणून इंटरनेटवर सापडणाऱ्या अर्थांच्या याद्या फार मनावर घेऊ नका.

कोविडमध्ये काय झालं?

२०२० ला ऑनलाइन. २०२१ ला आकार छोटा ठेवून भरवली आणि पहिल्या जत्रेचं 'मेगाहूड' हे नाव परत वापरलं. २०२२ पासून पूर्ववत.

इतर शहरांतही फॉल्सम असतं का?

न्यूयॉर्कला 'फॉल्सम स्ट्रीट ईस्ट', बर्लिनला शोनेबर्ग भागात 'फॉल्सम युरोप'. बर्लिनचीही सप्टेंबरातच भरते.

यातला काही इतिहास आज तिथे प्रत्यक्ष पाहता येतो?

हो. आठव्या आणि नवव्या रस्त्यांमधल्या रिंगोल्ड गल्लीत जा. बार रात्री दोनला बंद झाले की साठ-सत्तरच्या दशकांत पुरुष या गल्लीत घुटमळायचे. २०१७ मध्ये इथे स्मारक झालं. फूटपाथमध्ये ब्राँझचे २८ बुटांचे तळवे बसवले आहेत, प्रत्येकावर समुदायातल्या एका दिवंगत व्यक्तीचं नाव. काळ्या ग्रॅनाइटच्या शिळेवर 'टूल बॉक्स'चं ते भित्तिचित्र कोरलेलं आहे. जुन्या फूटपाथांच्या ग्रॅनाइटी कडांचे दगड उभे करून त्यांवर बंद पडलेल्या ठिकाणांची नावं लिहिली आहेत. गंमत अशी की स्मारकाचा पैसा शेजारी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीच्या बिल्डरकडून आला; शहराने परवानगी देताना घातलेल्या अटींचा तो भाग. ज्यांना हुसकावलं त्यांची नावं फरशीत, आणि वर नवे फ्लॅट. काहींना हा न्याय वाटतो, काहींना थट्टा. मी दुसऱ्या गटाकडे झुकतो, तरी गल्ली बघायला जरूर सांगतो.

२०१८ मध्ये शहराने या भागाला 'लेदर आणि एलजीबीटीक्यू सांस्कृतिक जिल्हा' म्हणून मान्यता दिली. फिलिपिनो वस्तीला तशीच मान्यता २०१६ मध्येच मिळाली होती. 'ईगल'च्या इमारतीला वारसा दर्जा आहे. आणि १९६६ चा 'द स्टड', जो २०२० मध्ये जागा सोडून बसला होता, तो २०२४ मध्ये पुन्हा फॉल्सम स्ट्रीटवरच उघडला.

मराठी किंवा भारतीय माणसाचा याच्याशी काही संबंध?

लेदरशी थेट नाही. पण बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्को आणि आसपासच्या भागात, १९८६ मध्ये अरविंद कुमार आणि सुवीर दास यांनी 'त्रिकोण' ही दक्षिण आशियाई समलिंगींची संस्था काढली. मुंबईत अशोक राव कवींचं 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगींसाठीचं नियतकालिक निघालं ते १९९० मध्ये, आणि कलम ३७७ चा काच सुटला तो ६ सप्टेंबर २०१८ ला. बाकी, पुण्या-मुंबईहून मॉस्कोनी सेंटरला कंपनीच्या परिषदेसाठी गेलेल्या, गळ्यात बिल्ला लटकवून तिसऱ्या-चौथ्या रस्त्यावर जेवण शोधत फिरलेल्या मंडळींनी त्या म्हाताऱ्या भाडेकरूंची जमीन तुडवलेली आहे. तिथेच कोपऱ्यावर वूल्फ हाउस आहे, अजून परवडणाऱ्या भाड्याचं.

जायचं असेल तर?

बार्ट या तिथल्या लोकल रेल्वेने सिव्हिक सेंटरला उतरा आणि दक्षिणेला दहा-पंधरा मिनिटं चाला. सप्टेंबर हा तिथला खरा उन्हाळा, सनस्क्रीन लावा. जे जितकं कमी घालणार त्यांनी तितकं जास्त. हॉटेलचं बुकिंग उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच करा. दारावरच्या सिस्टरसाठी सुट्ट्या नोटा जवळ ठेवा, आणि दुपारी एकच्या आत पोचा. नंतर आठव्या रस्त्याच्या टोकाला पाय ठेवायला जागा नसते.